बाबांच्या रक्तात शिसं निघालं : गोळी, टेस्ट, औषध आणि तक्रार

बाबा गुडघेदुखीसाठी बाजारातल्या जडीबुटीच्या गोळ्या खात होते आणि त्यातनंच त्यांच्या रक्तात शिसं गेलं, हे कळायला आम्हाला अख्खा पावसाळा लागला. कळल्यावरही कुठे टेस्ट होते, गोळी कुठे तपासून मिळते, तक्रार कोणाकडे द्यायची, हे मराठीत एका जागी कुठेच सापडेना. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय. आमचं गाव वर्धा नदीच्या काठचं, कापूस-तूर-सोयाबीनचं. मी तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्रात काम करते, त्यामुळे अर्ज, पोच, शिक्के यांची सवय आहे, पण रक्तातलं शिसं हा शब्दच आमच्या घरात कोणी ऐकलेला नव्हता.

सुरुवात मे २०२४ ची. बाबा त्रेसष्टचे, वखरणीच्या दिवसात गुडघे इतके धरायचे की बांधावर बसले की उठता येईना. डॉक्टरच्या गोळीनं छातीत जळजळ व्हायची म्हणून ती ते टाळत होते. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं की शेजारच्या गावच्या आठवडी बाजारात एक जण बसतो, मेळघाटातल्या जंगलातली जडी देतो, लय लोकांना गुण आला. पांढरी प्लास्टिकची डबी, आत तपकिरी गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एकेक, महिन्याची डबी ९०० रुपयांची. डबीवर ना नाव, ना पत्ता, ना काही. आणि खरंच दोन-तीन दिवसांत बाबा मांडी घालून जेवायला बसले, मला फोनवर म्हणाले, "लय फरक पडला व बाई, तुह्या मायलेबी देतो आता." आईनं पण कंबर दुखली की अधूनमधून एखादी घेतली.

जुलैत पोटाचं सुरू झालं. आधी नुसतं संडासला साफ होत नाही, मग बेंबीभोवती पीळ, मग जेवण समोर आलं की उमाळे. चेहरा पिवळट. आणि चिडचिड, जी बाबांच्या स्वभावातच नाही, निंदणाच्या बायांवर ओरडायला लागले तेव्हा आईला वाटलं काहीतरी बिनसलंय. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन ७.९ निघालं. आमच्या विदर्भात रक्त कमी आणि अंग-पोट दुखतंय म्हटलं की पहिल्यांदा सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, बघतात आणि ते बरोबरच आहे, पण ती टेस्ट निगेटिव्ह आली. मग फवारणीची विषबाधा का, म्हणून त्याचीही रक्ततपासणी झाली, कारण २०१७ साली यवतमाळकडे फवारणी करताना जी माणसं गेली तेव्हापासून इकडे कोणाला उलटी झाली तरी पहिला संशय पंपावरच जातो. तेही नॉर्मल. सोनोग्राफी ९०० रुपये, नॉर्मल. दुर्बिणीनं पोट पाहिलं २,५०० रुपये, थोडी सूज, बाकी काही नाही. लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीचं औषध चालू. आणि या सगळ्यात जडीबुटीच्या गोळ्याही चालूच, कारण गुडघ्याला त्यानंच आराम होता.

पोळ्याला, म्हणजे २ सप्टेंबरला, बाबा बैल घेऊन तोरणाखाली गेलेच नाहीत, दादानं नेले. रात्री इतकं पोट दुखलं की ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावलं, तिथून जिल्ह्याच्या एका खासगी दवाखान्यात. तिथे सांगितलं की आतडं अडकल्यासारखं वाटतंय, पोट उघडून बघावं लागेल, ६० हजार भरा. एक्सरेत तसं ठळक काही दिसत नव्हतं. दादानं विचारलं, "साहेब, नक्की काय अडकलं ते तरी सांगा न जी," तर उत्तर आलं, उघडल्यावर कळेल. दादानं तिथेच सही करायला नकार दिला आणि आम्ही बाबांना गाडीत घालून नागपूरला सरकारी हॉस्पिटलात नेलं. नंतर कळलं की शिशाचा पोटशूळ अगदी ऑपरेशनच्या पोटासारखाच दिसू शकतो, त्यावरून चुकीची ऑपरेशनं झाल्याची उदाहरणं आहेत.

नागपूरला मेडिसिनच्या वॉर्डात रात्रपाळीला एक निवासी डॉक्टर होत्या, वयानं माझ्याहून लहान असतील. त्यांनी आधी सगळे कागद शांतपणे वाचले आणि मग एकच प्रश्न विचारला, जो एवढ्या दवाखान्यांत कोणीच विचारला नव्हता. "काका, कोणता काढा, पाला, भस्म, बाजारातली पुडी, गोळी असं काही घेता का?" बाबा म्हणाले, "औषध नाही जी, जडीबुटी घेतो फक्त." आईनं पिशवीतून डबी काढून दिली. डॉक्टरांनी टॉर्च लावून बाबांचा खालचा ओठ खाली ओढला, हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती, आम्ही रोज बघत होतो ते तोंड पण कधी दिसली नाही. सकाळी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर लाल पेशींमध्ये निळे ठिपके. पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्त कमी, चिडचिड, ही रेघ आणि हे ठिपके, सगळं एकत्र ठेवलं की शिशाची शंका घ्यायची असं त्यांनी समजावलं. शिसं रक्त बनण्याच्या प्रक्रियेतच अडथळा आणतं, त्यामुळे नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नव्हतं.

त्यांनी बाकीही विचारलं, बॅटरीचं काम करता का, घराला जुना रंग खरवडला का, हळद सुटी आणता का, भांड्यांना कल्हई कुठून करता. हे प्रश्न लक्षात ठेवा, कारण शिसं यातल्या कशातूनही येऊ शकतं आणि फक्त गोळीवर बोट ठेवून चालत नाही. आमच्याकडे बाकी सगळ्याचं उत्तर नाही असंच होतं.

रक्तातल्या शिशाची टेस्ट आमच्या बाबतीत बाहेरून करावी लागली. खासगी लॅबच्या कलेक्शन सेंटरवर नमुना दिला, तो मुंबईला गेला, १,८५० रुपये लागले, रिपोर्टला आठवडाभर. इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, कोणती नळी लागते ते लॅबला आधी फोन करून विचारा, कारण काही लॅब जांभळ्या झाकणाची चालवतात, काहींना धातूच्या टेस्टसाठी वेगळी नळी लागते आणि चुकीच्या नळीतलं रक्त परत येतं. दोन, शिसं काढायचं औषध सुरू व्हायच्या आधीच हे रक्त द्या, नाहीतर मूळ आकडा कधीच कळणार नाही.

२० सप्टेंबरला मोबाईलवर रिपोर्ट आला. ९२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात ५ किंवा जास्त आलं तरी शिसं कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा असं आहे, आणि इथे ९२. मी केंद्रात खुर्चीवर होते, समोर उत्पन्नाच्या दाखल्याची रांग, मला काही सुचेना, शटर अर्धं ओढलं आणि आत जाऊन रडले. आईचं ११ आलं. दादाची पोरं त्या गोळ्यांच्या जवळ गेलेली नव्हती तरी त्यांचीही टेस्ट केली, कारण लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार कमी प्रमाणातही बाधतं. त्यांचं ठीक निघालं, तो एक दिवस घरात सगळे पोटभर जेवले.

उपचाराचा पहिला भाग म्हणजे गोळी बंद. पण तिथेही एक गाठ होती, गुडघा दोन दिवसांत सुटला म्हणजे त्यात स्टिरॉइडही मिसळलेलं असू शकतं असं डॉक्टर म्हणाल्या, बाबांचा चेहराही फुगल्यासारखा झाला होता. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं तर कमी निघालं. अशा वेळी गोळी बंद करून माणसाला तसंच घरी ठेवलं तर बीपी पडून तो अचानक गळपटू शकतो, म्हणून त्यांनी मोजून-मापून वेगळं स्टिरॉइड दिलं आणि हळूहळू कमी करत बंद केलं. तेव्हा तुमच्या घरी असं कोणी घेत असेल तर गोळी थांबवा पण त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोचा.

शिसं बाहेर काढायला जी औषधं असतात त्यातलं डीएमएसए म्हणजे सक्सिमर नागपुरात फिरून आम्हाला कुठे मिळालं नाही, शिरेतून द्यायचं कॅल्शियम ईडीटीएही नाही. शेवटी डी-पेनिसिलामाइनच्या कॅप्सूल सुरू झाल्या, विल्सनच्या आजारात (शरीरात तांबं साठतं तो) वापरतात त्याच, त्यामुळे मोठ्या मेडिकलवाल्याला तसं सांगितलं की तो मागवून देतो. पेनिसिलीनची ॲलर्जी आहे का हे आधी विचारलं. कॅप्सूल उपाशीपोटी, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर, आणि लोहाची गोळी तिच्यासोबत अजिबात नाही, दोन्हीत अंतर, नाहीतर औषध लागूच पडत नाही. सोबत बी-६ जीवनसत्त्वाची गोळी. आईला वाचता येतं पण घाईत गडबड होते म्हणून मी भिंतीवर कॅलेंडरच्या पानामागे मोठ्या अक्षरात वेळा लिहून चिकटवल्या. दर काही दिवसांनी रक्तातल्या पेशी आणि लघवीतलं प्रोटीन बघावं लागतं, कारण या औषधानं किडनीला आणि पेशींना त्रास होऊ शकतो. औषधं आणि तपासण्या मिळून महिन्याला साडेतीन-चार हजार जात होते, गाडीभाडं वेगळं.

पोटातला पीळ पहिल्या आठवड्यातच उतरला. नोव्हेंबरात शिसं ४१ वर आलं आणि आम्ही सुटलो असं वाटलं, डिसेंबरात परत ५४. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला की कोणी परत गोळ्या दिल्या की काय. तर त्या म्हणाल्या की असं होतंच. शरीरातलं बहुतेक शिसं हाडांत जाऊन बसतं, हाडं म्हणजे त्याचं गोदाम, रक्तातलं कमी झालं की गोदामातला माल बाहेर येतो. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्मं होतं, पण हाडातलं वर्षानुवर्षं राहतं. औषधाचा दुसरा कोर्स झाला. मार्च २०२५ ला २९, जूनमध्ये २२. हिमोग्लोबिन ११.६. गुडघे दुखतातच, त्याला आता व्यायाम, पट्टा आणि अधूनमधून पॅरासिटामॉल.

आता गोळीचं. उरलेल्या डब्या दादा रागानं नदीत टाकायला निघाला होता, मी अडवलं. तीच एक वस्तू आहे जी तुमच्या बाजूनं बोलू शकते. मी डब्यांचे तारखेसह फोटो काढले, पोलीस पाटलांसमोर गोळ्या मोजून दोन पाकिटांत भरल्या, चिकटवून त्यावर त्यांची आणि दोन शेजाऱ्यांची सही घेतली. एक पाकीट घरात ठेवलं, दुसरं एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या खासगी लॅबला दिलं. किती ग्रॅम नमुना लागतो ते आधी विचारा, आम्हाला २० ग्रॅम सांगितले, सोनाराच्या काट्यावर एक गोळी अर्ध्या ग्रॅमची भरली म्हणजे ४० गोळ्या. शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम अशा चार धातूंची आयसीपी-एमएस मशीनवर (अगदी बारीक प्रमाणही मोजणारं) तपासणी, जीएसटी धरून साडेपाच हजारांच्या घरात.

शिसं निघालं १४,६०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १४,६०० भाग. आपल्याकडे वनस्पतीच्या औषधासाठी मर्यादा आहे शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम. मी कागदावर हिशोब मांडला, अर्ध्या ग्रॅमच्या एका गोळीत ७.३ मिलिग्रॅम शिसं, रोज दोन म्हणजे १४.६. मर्यादेत असती तर तेवढ्याच गोळीत ०.००५ मिलिग्रॅमच्या वर नसतं. पाराही मर्यादेच्या खूप वर होता. हा कागद मी बाबांना वाचून दाखवला तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मंग त्या रामाच्या बायकोले सांग लवकर, थे बी घेते."

रामाची बायको, म्हणजे आमच्या शेजारची वहिनी, तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती (नाव बदललंय). आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळाकडे जातं. आशाताईंना घेऊन मी त्याच संध्याकाळी गेले. तिचं ९ निघालं, कॅल्शियम आणि लोह नीट चालू ठेवून डॉक्टरांनी पुढे लक्ष ठेवलं. आशाताईंनी मग घरोघर विचारत त्या गोळ्या घेणाऱ्यांची यादी केली, हे काम कोणत्याच ऑफिसनं सांगितलेलं नव्हतं, त्यांनी स्वतःहून केलं. तुमच्या गावात असं निघालं तर कोणत्याही ऑफिसच्या आधी आशाताईंकडे जा.

आमच्या तालुक्यात एक आयुर्वेदाच्या डॉक्टर मॅडम आहेत, बीएएमएस, त्यांच्याकडेही मी रिपोर्ट घेऊन गेले, आणि मला त्यांचं म्हणणं इथे मुद्दाम लिहायचंय कारण हा आयुर्वेदाविरुद्धचा लेख नाही. त्या म्हणाल्या की रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-खनिजांच्या औषधांच्या शाखेत, नाग भस्म म्हणजे शिशाचं भस्म, पारा, हरताळ, मनःशिला (ही दोन्ही आर्सेनिकची खनिजं) हे वापरतातच, पण त्याचं शोधन-मारण म्हणजे शुद्ध करणं आणि भस्म करणं, मात्रा, किती दिवस द्यायचं हे सगळं ठरलेलं आहे, आणि कायद्यानं असा विषारी घटक असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं अशी सूचना इंग्रजी-हिंदीत छापावी लागते. लेबलवर घटक, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख पाहिजे. "आणि भस्म देऊन त्याला जंगलातली जडी म्हणणं हे तर सरळ खोटं आहे," हे त्या फार चिडून बोलल्या. माझं मत त्यांच्यापेक्षा थोडं पुढे जातं, भस्म कितीही नीट केलेलं असो, ते घेणाऱ्याचं रक्तातलं शिसं मोजलं गेलं पाहिजे, मोजायची सोय आहे तर विश्वासावर का सोडायचं. आणि छापील लेबल असलं की झालं असंही नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवर मिळणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली होती, त्यातल्या जवळपास २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, ती भारतातही बनलेली होती आणि अमेरिकेतही, आणि रसशास्त्रातल्या औषधांत प्रमाण ४० टक्क्यांच्या वर असलं तरी निव्वळ वनस्पतीच्या म्हणवणाऱ्यांतही १७ टक्के होतं. आपल्या सरकारनं निर्यातीच्या वनौषधींना धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली. बाहेरच्या देशातल्या माणसासाठी गोळी तपासून जाते आणि आमच्या बाजारात उघड्या डबीतून मिळते, हे मला सहनच होत नाही.

मॅडमनीच आयुर्वेद महाविद्यालयामार्फत दुष्परिणामाचा फॉर्म भरायला मदत केली. आयुष मंत्रालयाचा औषध सुरक्षेचा कार्यक्रम आहे, त्याचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. फॉर्मला पैसे लागत नाहीत, रुग्णानंही भरला तर चालतो, पण डॉक्टरचे कागद जोडले तर वजन येतं.

तक्रार मी एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या औषध विभागाकडे दिली. आयुर्वेदिक औषधांचं कामही तेच बघतात. अर्जात तारखा, गोळी कुठे-केव्हा घेतली, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, लॅबचा रिपोर्ट, पंचांच्या सह्यांचं पाकीट असल्याचा उल्लेख. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी १७ ऑक्टोबरला दिला आणि दोनच दिवस आधी विधानसभेची आचारसंहिता लागली होती, साहेब निवडणूक ड्युटीवर, बाबू निवडणूक ड्युटीवर, २० नोव्हेंबरचं मतदान होईपर्यंत फाईल हललीच नाही. एका टेबलावर सांगितलं कंपनीचं नाव द्या, मी म्हटलं लेबलच नाही हीच तर तक्रार आहे. दुसऱ्या टेबलावर म्हणाले की खासगी लॅबचा रिपोर्ट आमच्या कामाचा नाही. इथे नाउमेद होऊ नका, कारवाईसाठी निरीक्षकानं स्वतः घेतलेला नमुना आणि सरकारी प्रयोगशाळेचा रिपोर्ट लागतो हे खरं आहे, पण खासगी रिपोर्टमुळे नमुना घ्यायला कारण तयार होतं. अर्जात तसंच लिहा, "या आधारे नमुना घेऊन तपासणी व्हावी."

डिसेंबरात निरीक्षक बाजारात गेले तेव्हा विक्रेता म्हणाला मी वैद्य आहे, माझ्या रुग्णांपुरतं बनवतो. कायद्यात तशी सूट आहे, वैद्य किंवा हकीम स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवत असेल तर उत्पादनाचा परवाना लागत नाही, आणि आयुर्वेदिक औषध विकायला तर वेगळा विक्री परवानाच नाही. पण बाजारात बसून येईल त्याला डबी देणं म्हणजे स्वतःचा रुग्ण कसा, आणि वैद्य म्हणून नोंदणी कुठे आहे, हे मी पुरवणी अर्जात विचारलं. जानेवारीत माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. फेब्रुवारीत उत्तर आलं की नमुना घेतला असून सरकारी प्रयोगशाळेत पाठवला आहे, अहवाल अप्राप्त. मे महिन्यात परत विचारलं तर मुदतीत उत्तर नाही, म्हणून वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील केलं.

अपिलाची सुनावणी ऑगस्टमध्ये लागली आहे. मी सोबत घरातलं सीलबंद पाकीट, बाबांचे सगळे रक्ताचे आकडे ओळीनं लिहिलेला एक कागद आणि आशाताईंची यादी (नावं झाकून) नेणार आहे. तिथे मागणार आहे ते तीन गोष्टी, प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत, विक्रेत्याच्या नोंदणीची माहिती, आणि तालुक्यातल्या आठवडी बाजारांमध्ये विनालेबल गोळ्यांचे नमुने घ्यायचं लेखी वेळापत्रक, कारण तो माणूस आता आमच्या बाजारात नाही पण नदीपलीकडच्या बाजारात बसतो असं कळलंय. बाबांची पुढची टेस्ट सप्टेंबरात आहे.